मटार सोलताना झालेली पत्रकार परिषद

आमदार झाला तरी आईसाहेबांच्या लेखी तो बाळ्याच होता. पत्रकारांपुढे जाण्याआधी त्यानं स्वयंपाकघरात आईला बोलून दाखवायचं आणि तिनं वाकड्यात शिरून प्रश्न विचारायचे, ही रीत पहिल्या निवडणुकीपासूनची. आईपुढे अडखळला की भाषण रद्द. त्यावर अपील नाही.

त्या सकाळी बाळ्या कडक इस्त्रीत हजर झाला. आईसाहेब मटार सोलत होत्या. सून, म्हणजे बाळ्याची वकील बायको, चहा गाळत होती.

"हा बघा पुरावा," बाळ्यानं खिशातला पेनड्राइव्ह उंच धरला. "विरोधी नेत्याच्या पुतण्यानं कापडदुकानातल्या पोरीला कसं बदडलं, ते सगळं यात आहे. दुपारी जगाला दाखवतो."

सुनेचा हात थांबला. आईसाहेबांनी शेंग फोडली.

"तुझ्याकडे कसा आला?"

"पोलीस ठाण्यातल्या एकानं दिला."

"ठाण्यातला माल खिशात घालून फिरायला तू फौजदार कधी झालास?"

"तिथं राहिला असता तर गायब झाला असता, आई. अख्खं ठाणं त्या नेत्याच्या खिशात आहे."

"आणि पुरावा तुझ्या. बरे खिसे शिवता तुम्ही लोक. कुणाकुणाला दाखवलास?"

"आपलीच माणसं. गाडीत, लॅपटॉपवर."

"म्हणजे निम्म्या गावाला."

आता सून बोलली. "अहो, पुतण्याचा वकील कोर्टात एवढंच विचारेल, हा पेनड्राइव्ह मधले दिवस कुणाकडे होता? काकाच्या वैऱ्याकडे. मग त्यात काटछाट झाली नाही कशावरून? पुतण्या सुटेल, आणि ती एकटी पडेल. तिचा चेहरा दिसतो का त्यात?"

"दिसतो की. त्याशिवाय लोक पेटणार कसे?"

आईसाहेबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती पोर त्यांना ठाऊक होती. "आजी, या रंगात तुम्ही आजारी दिसता," असं तोंडावर सांगून तिनं आईसाहेबांच्या हातातलं कापड काढून घेतलं होतं. तेव्हापासून आईसाहेब दुसऱ्या कुठल्याच कापडदुकानाची पायरी चढल्या नव्हत्या.

"तिला विचारलंस?"

बाळ्या छताकडे बघू लागला.

"मार तिनं खायचा आणि मतं तू. हरलास बाळ्या, बस खाली."

"मग काय, परत त्याच ठाण्यात नेऊन देऊ?" तो फणकारला.

"ठाण्यात नको, कोर्टात," सून म्हणाली. "अर्ज मी करते. पण कुणी दिला, कुणी पाहिला, सगळं खरं लिहून द्यावं लागेल. तुमच्यावरही शेकेल."

"देणाऱ्याची नोकरी जाईल."

"जाईलही."

पेनड्राइव्हभोवती बाळ्याची मूठ आवळली. आईसाहेबांनी एक रिकामी वाटी त्याच्यापुढे सरकवली. बराच वेळ तिच्यात काही पडलं नाही. मग टणकन आवाज झाला, आणि सून धावत जाऊन लिफाफा आणि कागद घेऊन आली.

"दुपारी पत्रकारांना काय दाखवू?" बाळ्यानं विचारलं.

"रिकामे हात दाखव. तुझे तसे हात अजून कुणी पाहिले नाहीत."

बाळ्या बसला. एक शेंग उचलली, वाकडीतिकडी फोडली, दाणे फरशीवर सांडले.

"लिही," तो बायकोला म्हणाला. "मंगळवारी, माझ्या गाडीत..."