पहिलं बरं की दुसरं?

बोलतोय तो मी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा चाचणीचा चष्मा. गोल, जड, धातूचा. बाजूला स्क्रू, पुढे काचा अडकवायला खाचा. मला नाकावर चढवलं की राजबिंडा माणूससुद्धा घुबड दिसतो. हसा बापडे, मला सवय आहे.

ऑस्ट्रेलियातल्या कोलरेन गावच्या या दवाखान्यात मला म्हाताऱ्या नॉर्म डॉक्टरनं आणलं. चाळीस वर्षं त्याच्या हाताखाली राबलो. मग मोठं यंत्र आलं. त्यात काचा आपोआप फिरतात, मग मला कोण विचारतंय? गेलो खणात. नॉर्म निवृत्त झाला, त्याच्या जागी थिया आली. तिनं मला भंगारात काढलं नाही, एवढंच माझं नशीब.

एका सकाळी ब्रॉन आली. चव्वेचाळीस वर्षांची, लोकर पारखणारी. मेंढी कातरली की लोकर टेबलावर पसरतात, आणि ती कुठल्या गठ्ठ्यात जाईल ते ब्रॉन ठरवते. बावीस वर्षं तिचं हेच काम. सोबत तिचा थोरला भाऊ रॉस होता. मेंढ्या कातरायची शेड त्याचीच.

"डॉक्टर, उगाच आशा लावू नका," रॉस दारातूनच म्हणाला. "आमची ब्रॉन स्वमग्न आहे. मान तिरकी करून बघते, डोकं धरून बसते, दुपारनंतर भलत्याच गठ्ठ्यात लोकर टाकते. ती अशीच आहे. सोमवारपासून मी तिच्या जागी दुसरा माणूस बोलावलाय."

"दादा, टेबल माझं आहे," ब्रॉन भिंतीकडे बघत म्हणाली.

"अगं बये, व्यापारी मला शिव्या घालतात, तुला नाही!"

ब्रॉन याआधी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली होती. तिथं डोळ्यावर हवेचा फुत्कार सोडणारं यंत्र होतं. पहिल्याच फुत्काराला ती उठून पळाली. कागदावर शेरा पडला, 'सहकार्य करत नाही'. मला विचाराल तर मीही पळालो असतो.

थियानंही आधी मोठं यंत्रच पुढे ओढलं. गार धातू कपाळाला लागला तशी ब्रॉननं खुर्चीचे हात घट्ट धरले. तरी बसून राहिली बिचारी. थियानं काच फिरवली.

"पहिलं बरं की दुसरं?"

"कशासाठी बरं?"

"अंदाजानं सांगा हो."

"अंदाजानं कसं सांगू? पहिल्यात अक्षरं काळी आहेत, दुसऱ्यात मोठी. त्यातलं बरं कुठलं?"

मी खणात कपाळाला हात लावला. म्हटलं, झालं, आता हीसुद्धा चिडणार. पण थिया चिडली नाही. मग उठून तिनं यंत्र बाजूला सारलं, वरची गुणगुणणारी ट्यूब बंद केली, खिडकीचा पडदा उघडला. आणि खण ओढून मला ब्रॉनच्या हातात दिलं. "तुम्हीच घाला. नको वाटलं की काढा."

ब्रॉननं मला दहा मिनिटं उलटसुलट करून बघितलं. डावीकडचा एक स्क्रू नॉर्मच्या काळापासून सैल होता, तो तिनं नखानं आवळला. अहाहा! काय बरं वाटलं म्हणून सांगू!

"तुम्ही रोज बघता काय?" थियानं विचारलं.

ब्रॉननं खिशातून लोकरीची बट काढली. "वळ्या. इंचभरात जितक्या जास्त, तितकी लोकर तलम. ह्यात अठरा आहेत. दुपारी एका वळीच्या दोन होतात, मग मोजता येत नाहीत."

"दोन होतात? हे आधी कुणाला सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही. सगळ्यांनाच होत असेल असं वाटलं."

थियानं पेन्सिल तिच्या नाकाकडे हळूहळू आणली. जवळ येताच उजवा डोळा बाहेरच्या बाजूला सरकला. लांबचं ब्रॉनला लख्ख दिसायचं, म्हणून गाडीच्या परवान्याला ती कायम पास. पण जवळ बघताना तिचे दोन डोळे जोडीनं वळतच नव्हते. दिवसभर ती त्यांना ओढून एकत्र धरत होती. दुपारपर्यंत दम संपायचा.

थियानं माझ्या खाचांत डोळ्यांचा हा ताण हलका करणाऱ्या काचा बसवल्या, ब्रॉननं मला नाकावर चढवलं. "आता?"

"अठराच. पण डोकं ओढलं जात नाही."

"मग असा चष्मा करू या?"

"आज दुपारी कामावर बघते. मग सांगते."

"झालं!" रॉस ओरडला. पण थियानं मला कापडात गुंडाळून ब्रॉनकडे दिलंसुद्धा. म्हणजे इतक्या वर्षांनी मी दवाखान्याबाहेर पडलो, तो थेट कातरणीच्या शेडमध्ये!

"काय गं ब्रॉन, चंद्रावर निघालीस काय?" एक कातरणारा खिदळला.

"नाही, टेबलावर," ती म्हणाली आणि कामाला लागली.

घाम, धूळ, लोकरीचं तेल. माझी पार दैना झाली. तीन वाजले, मला धडकी भरली. चार वाजले. रॉस गठ्ठ्यांत हात घालून बटा उपसून बघत होता. चुकीची सापडेना. साडेपाचला काम थांबलं, तरी एकही नाही. त्यानं तिथूनच फोन लावला आणि म्हणाला, "सोमवारी येऊ नका. आमचा माणूस आहे आमच्याकडे." मला धातूच्या चष्म्याला रडता येत नाही, नाहीतर रडलोच असतो.

ब्रॉनचा स्वतःचा चष्मा आला, हलका, सुरेख. मी दवाखान्यात परत आलो, पण खणात नाही. आता मी थियाच्या टेबलावर, हाताशी असतो. निरोप घेता घेता एवढंच मागतो, की कुणी मान तिरकी करून बघत असेल, दुपारी डोकं धरून बसत असेल, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. विचारा हो त्याला, काय दिसतंय म्हणून.

एक मात्र सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी शेड रिकामी झाल्यावर रॉस टेबलापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "बावीस वर्षं मी जगाला सांगत आलो, की ती अशीच आहे."

ब्रॉननं मला नाकावरून उतरवलं आणि कापडानं पुसत म्हणाली, "मी अशीच आहे, दादा. डोळे दुखत होते, ते वेगळं."