शाई फुटणारा कागद

बोर्तोलो गेला तो नेमका कागद ओलवून ठेवलेल्या दिवशी. मरायला कुणी मुहूर्त बघत नाही हे खरं, पण छापखानेवाल्याने निदान कागदाकडे तरी बघायला हवं होतं. कोरड्या कागदावर ठसा नीट उमटत नाही, म्हणून आदल्या दिवशी ताव पाण्यातून काढून, एकावर एक रचून, वर फळी आणि दगड ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ओलसर असतानाच छापून मोकळं व्हायचं. निम्म्या पुस्तकाचे ताव असे फळीखाली होते, आणि माडीवर बोर्तोलोने आपल्या बायकोच्या, मेनेगाच्या, हातात हात देऊन डोळे मिटले.

"मालकीणबाई, दोनच वाटा आहेत," यंत्रावरचा म्हातारा ताद्देओ टोपी काढून म्हणाला. "आजच छापायचं, नाहीतर फेकून द्यायचं."

"वर मयत आहे, ताद्देओ. आणि खाली तुम्ही दांडा ओढणार? ती करकर त्यांनी ऐकायची?"

"करकर नसेल तरच त्यांना चुकल्यासारखं होईल."

मेनेगाला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू फुटलं. पण ती नाहीच म्हणाली. व्हेनिसमधल्या सान झुलियानच्या त्या गल्लीत मयताच्या घरी तीन दिवस यंत्र चालत नसे, शाईच्या बोळ्यांवरही फडकं टाकत. तिच्या सासऱ्यांच्या वेळी बोर्तोलोने हे पाळलं होतं. मग त्याच्याच वेळी मोडायचं?

चौथ्या दिवशी फळी उचलली तर गठ्ठा हाताला कोमट लागला आणि तळघरासारखा वास आला. ताद्देओने एकेक ताव सोडवून दोऱ्यांवर वाळवला, बुरशी झटकली आणि पुन्हा पाण्यात घातला. फेकून देणं आता परवडणार नव्हतं.

कारण मुदत. या पुस्तकाची दहा वर्षांची सनद सरकारने दिली होती: व्हेनिसच्या मुलखात दुसऱ्या कुणी हे छापायचं नाही. पण सनद मिळाल्यापासून वर्षाच्या आत पुस्तक निघालं नाही तर ती बाद. आता वीस दिवस उरले होते, आणि गार्दा तळ्याकाठच्या गिरणीतून नवा कागद यायला महिना लागत असे. माणूस मेला तर मुदत वाढवावी, असं कलम लिहायला कुणाला सुचलं नव्हतं.

पुस्तक कशिद्याच्या नमुन्यांचं होतं. बेचाळीस नमुने. चारदोन मेनेगाच्या आईचे, बुरानो बेटावरचे. बाकी सगळे स्वतः मेनेगाच्या डोक्यातून निघालेले. ती चौकटी आखून काढायची आणि बोर्तोलो ते नासपतीच्या लाकडात कोरायचा. मूल झालं नाही त्यांना. या नमुन्यांवर मात्र दोघं पोटच्या मुलांवरून भांडावं तशी भांडली होती, याचं नाक कुणावर गेलंय इथपर्यंत. सनदीवर नाव त्याचं होतं, पण गल्लीत सगळे म्हणत, मेनेगाचं पुस्तक.

मुदतीच्या दोन दिवस आधी ते निघालं. महिनाभराने सरकारी कारकून आला. सर्दी झालेला, सौम्य माणूस.

"तक्रार आहे, बाई. कागदाबद्दल."

"गास्पारोची ना?"

"तक्रार आहे," कारकून नाक पुसत म्हणाला.

सनदीच्या पुस्तकाचा कागद असा हवा की समासात लिहिलं तर शाई फुटू नये, नाहीतर सनद रद्द. रिआल्तोच्या बाजारात हा कायदा पुकारला तेव्हा मेनेगा आणि बोर्तोलो दोघंही तिथे होती. दोघांनी टाळ्या वाजवल्या होत्या. 'आता त्या गास्पारोची जिरेल,' बोर्तोलो म्हणाला होता, कारण गास्पारोच्या छापखान्यातली पुस्तकं तेव्हा अगदी टीपकागदासारख्या कागदावर निघत.

"तुम्हीच लिहा," कारकुनाने लेखणी पुढे केली. "मी मुद्दाम दाबून लिहिलं असं नको व्हायला."

मेनेगाला लिहिता फारसं येत नव्हतं. मालाच्या पावत्यांपुरतं नवऱ्याचं नाव तेवढं तिने गिरवून ठेवलं होतं. तिने समासात तेच लिहिलं. पहिलं अक्षर क्षणभर उभं राहिलं, मग त्याला केस फुटले, आणि शेवटच्या अक्षरापर्यंत येईतो बोर्तोलोचा एक काळा डाग झाला होता. कारकुनाने दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली. तो घाई करत नव्हता, हीच खरी शिक्षा होती.

"कागद चांगला होता, साहेब," ताद्देओ पुढे झाला. "दोनदा पाणी लागलं की वरचा सरस निघून जातो, मग शाई फुटते. घरात मयत झालं होतं."

"ते लिहून घेतो," कारकून म्हणाला, आणि त्याने खरोखर लिहूनही घेतलं. त्याचं पुढे काहीच झालं नाही.

सनद रद्द झाली, प्रती नावेत घालून नेल्या. मेनेगा कचेरीत गेली.

"चांगल्या कागदावर पुन्हा छापते. पुन्हा सनद द्या."

"सनद नव्या पुस्तकाला असते, बाई. तुमचं तर छापून झालंय."

"मग आता मी काय करू?"

"छापा की. आता ते कुणीही छापू शकतं."

ते कुणीही दुसऱ्याच दिवशी दारात उभं होतं. गास्पारो. हातात मेलेल्यासाठी जाडजूड मेणबत्ती.

"वहिनी, मनात काही आणू नका. मी नाही छापलं तर व्हिचेन्झाचा कुणी छापेल."

"तक्रार तुम्ही केलीत?"

त्याने मेणबत्ती उंबऱ्यावर ठेवली. "कायदा आहे, वहिनी."

"आहे. टाळ्या आम्हीही वाजवल्या होत्या."

गास्पारोकडे तीन यंत्रं होती आणि माळ्यावर कोरा कागद. मेनेगाकडे एक यंत्र होतं आणि कागद नव्हता. शर्यत लागलीच नाही. ताद्देओला तिनेच तिकडे पाठवलं. म्हाताऱ्याने उपाशी राहण्यात काय शहाणपण?

ईस्टरनंतर गास्पारोचं पुस्तक निघालं. मेनेगा पुस्तकांच्या दुकानात गेली आणि फळीवरची प्रत उघडली. बेचाळीसच्या बेचाळीस. एकतिसाव्या पानावर डाळिंबाची वेल होती. तिचं एक पान देठाशी तुटलेलं होतं. बोर्तोलोचा तापाने थरथरणारा हात तिथे घसरला होता, आणि 'राहू दे, कुणाच्या लक्षात येतंय,' असं मेनेगाच म्हणाली होती. गास्पारोच्या कारागिराच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने तुटलेलं पानही इमानाने कोरलं होतं.

तिने दुकानदाराची लेखणी उचलली आणि वेलीच्या त्या तुटलेल्या पानाखाली नवऱ्याचं नाव लिहिलं.

"ओ बाई! आता ही प्रत घ्यावी लागेल तुम्हाला!"

मेनेगाला ऐकू गेलं नाही. ती अक्षरांकडे बघत थांबली होती. शाई वाळली. नाव बारीक, स्वच्छ, जसंच्या तसं उभं होतं, आणि कुठेही फुटलं नव्हतं.