नकाशाखालचं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे. मला डोकं नाही, तरी मध्ये वर्षभर ते उठलेलं होतं, असं म्हटलं तर हसू नका. नव्या घराचा नकाशा ज्याच्या पाठीवर काढला जातो, त्याचं दुःख त्यालाच ठाऊक.

एका घरातल्या वडिलांनी सुताराला घरी बोलावून मला घडवून घेतलं. "आठ माणसं कोपराला कोपर न लागता बसली पाहिजेत," एवढंच त्यांचं म्हणणं. सुतारानं जाड फळ्या वापरल्या, पाय भक्कम केले, आणि जाताना मला दोन थापा मारून म्हणाला, "हे काही आता हलत नाही." त्या घरातले दोन भाऊ माझ्यावरच जेवले, अभ्यासाला बसले, भांडले आणि वाढले. पुढे थोरला घड्याळं दुरुस्त करू लागला, धाकटा बस चालवू लागला. दोघांची लग्नं झाली, मुलंबाळं झाली. पाहुणे माझ्यावर हात फिरवून म्हणायचे, "असं टेबल आता मिळायचं नाही." मला ते ऐकायला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग दोघा भावांनी मिळून नवं घर बांधायला जागा घेतली. एका रविवारी नकाशे काढणाऱ्या बाई आल्या. त्यांनी माझ्यावर मोठा कागद पसरला, पेन्सिलीला टोक केलं आणि साधाच प्रश्न विचारला, "स्वयंपाकघरं किती?"

"एक!" दोघे भाऊ म्हणाले.

"दोन!" दोघी जावा म्हणाल्या.

तिथून माझे भोग सुरू झाले.

आता तुम्हाला वाटेल, जावांचं पटत नसणार. छे! थोरली दवाखान्यात नर्स होती. ती पाळीवरून दमून आली की धाकटी तिच्या हातात आयता चहा द्यायची. धाकटी घरी केक-बिस्किटं करून दुकानांना पुरवायची, आणि तिचे खोके थोरली हौसेनं बांधायची. पण स्वयंपाकघरात दोघींची तऱ्हा वेगळी. थोरलीला ओटा आरशासारखा लखलखीत लागायचा. धाकटीचं पीठ फडक्याखाली जागा मिळेल तिथं फुगत बसलेलं. थोरलीनं ते शिळं समजून एकदा फेकूनही दिलं होतं. दोघी वर्षानुवर्षं जीभ चावून गप्प राहिल्या होत्या.

"एका छपराखाली दोन चुली? लोक म्हणतील, घर फुटलं!" थोरला म्हणाला.

"आईबाबांनी हेच शिकवलं का आपल्याला?" धाकट्यानं री ओढली.

थोरली शांतपणे म्हणाली, "भावजी, आम्ही अजून भांडलेलो नाही. भांडायच्या आत भिंत घालून घेऊ म्हणतोय."

पण ऐकतो कोण! एकजुटीच्या गप्पा मारणाऱ्या या दोघांनी जन्मात कधी कपसुद्धा विसळला नव्हता. नकाशामागून नकाशे आले. स्वयंपाकघर कधी पुढे, कधी मागे. एका कागदावर तर जिना चढून गेलं की थेट कपाट! माझ्या अंगात टाचण्या टोचल्या, कंपासाचं टोक रुतवलं. नकाशा हलायला नको म्हणून मी रिकामा होईना, आणि आठ माणसांचं टेबल असताना घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. सांगा, चिडू नको तर काय करू?

एके दिवशी थोरल्याचा पारा चढला. "दोन स्वयंपाकघरं हवीत ना? मग या टेबलाचेही दोन तुकडे करा!"

"आणू करवत?" धाकटाही तेवढाच तापलेला.

बाईंनी पेन्सिल पिशवीत टाकली. "तुमचं ठरलं की बोलवा," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

तेव्हा थोरली उठली. "ठीक आहे. एकच स्वयंपाकघर. आम्ही हरलो. फक्त उद्यापासून रांधायचं तुम्ही दोघांनी."

"त्यात काय मोठं!" दोघेही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घड्याळवाला बटाट्याच्या फोडी अशा तोलूनमापून करत बसला, की पोरांच्या पोटात कावळे ओरडायला लागले. बसवाल्याला सगळं भरधाव हवं, म्हणून भात खाली करपला आणि वर कच्चाच. भाजीत मीठ दोघांनी घातलं.

"मी घातलं होतं ना!"

"मग सांगायचं नाही?"

"तू विचारायचं नाही?"

आधी सगळे हसत होते. पण आठवडा उलटला तसं हसणं आटलं. चाकू कुणी बोथट केला, ओटा कुणी पुसायचा, यावरून शब्दाला शब्द लागत गेला. शेवटी थोरला आपली ताटली उचलून आतल्या खोलीत गेला आणि एकटाच कोरडा पाव खात बसला. धाकटा माझ्यापाशी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला. लहानपणापासून दादाशिवाय तो कधी जेवला नव्हता. जावांना जिंकल्याचा आनंद झाला असेल म्हणता? धाकटी पदरानं डोळे पुसत होती.

धाकट्यानं न जेवताच ताट सारलं, बाजूला गुंडाळून ठेवलेला नकाशा ओढला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध स्वतःच्या हातानं रेघ मारली. कागद घेऊन तो आत गेला.

"दादा, ही भिंत. बस झालं आता."

मग थोरला म्हणाला, "जाड घे. तुझी आदळआपट ऐकू येते." आणि थोड्या वेळानं, "टेबल कुठल्या बाजूला?"

"कुठल्याच नाही," दारातून थोरली म्हणाली. "टेबल बाहेरच्या मोठ्या खोलीत. दोन्ही दारं त्याच्याकडे उघडू देत."

"आणि ताटं घासायची तुम्ही," धाकटीनं नाक ओढत भर घातली.

बाई पुन्हा आल्या. घर उभं राहिलं. आम्ही राहायला गेलो, आणि मी दारातच अडकलो! वर्षभर माझ्या पाठीवर साऱ्या घराची मापं घेतली, पण माझं माप घ्यायचं कुणाला सुचलं नाही. शेवटी पाय काढून, आडवा करून मला आत नेलं.

आता रोज दोन दारांतून दोन भांडी येतात. कधी दोन्हींत बटाटाच निघतो, मग सगळे हसतात. आठही खुर्च्या भरलेल्या असतात. जेवणं झाली की हात धुवायच्या जागी दोघे भाऊ ताटं घासत, मोठमोठ्यानं बोलत उभे असतात.

म्हणून सांगतो मित्रांनो, घर आखाल तेव्हा त्यात जो राबणार आहे, त्याला आधी विचारा. नातं तुटायची वाट न बघता भिंत वेळेवर घाला, आणि तिला दार ठेवायला विसरू नका. माझा एक पाय मात्र बसवताना ढिला राहिला, तो अजून डुगडुगतो. "उद्या बघू," असं चौघंही म्हणतात. तुमच्यापैकी कुणाकडे पेचकस असेल, तर जेवायला या.