सरकणारा ठिपका

खाणीचा जुना बोगदा कोसळला आणि तिघे कामगार आत अडकले. त्यांत घड्याळवालीचा धाकटा दीर होता. घड्याळवाली हे तिचं टोपणनाव. खाणीत पाच ठिकाणी जमिनीची कंपनं टिपणारी यंत्रं बसवलेली होती, आणि त्यांची घड्याळं नेटवर्कवरून एकमेकांशी जुळलेली ठेवणं हे तिचं काम. आतून कुणी दगडावर ठोकलं, की तो आवाज प्रत्येक यंत्रापाशी किंचित मागेपुढे पोचायचा. त्या फरकावरून ठोकणारा कुठे आहे ते कळायचं.

ठोकण्याचा आवाज येत होता. स्क्रीनवर ठिपका उमटला, तिच्या नवऱ्याने त्या जागी ड्रिल लावलं. भाऊ आत असल्यामुळे तो कुणाला मशीनला हात लावू देत नव्हता.

दुपारी घड्याळवाली स्क्रीनसमोर बसली होती आणि अचानक ती पुढे वाकली. ठिपका सरकला होता. सकाळपेक्षा बराच उत्तरेला. ढिगाऱ्याखाली अडकलेला माणूस सरकेल कसा?

ती वरच्या बोगद्याकडे धावत सुटली. तिथल्या यंत्राचं घड्याळ जुळवणारी केबल दरडीत तुटली होती, नोंदी तेवढ्या रेडिओवरून येत होत्या, हे सगळ्यांना माहीत होतं. पण त्या घड्याळाला ठोके देणारा ऑसिलेटर इतका पक्का, की नेटवर्क नसतानाही काही दिवस तो वेळ अचूक सांभाळतो. त्यासाठी तो सतत आतून गरम ठेवलेला असतो. यंत्रावरचा हिरवा दिवा लागलेलाच होता. तिने पेटीवर हात ठेवला.

पेटी थंडगार होती.

आतला हीटर बंद पडला होता आणि केबल तुटल्यापासून घड्याळ हळूहळू चुकत चाललं होतं. खडकातून आवाज डोळ्याचं पातं लवायच्या आत शेकडो मीटर जातो. एवढीशी चूक म्हणजे भलतीच जागा.

"ड्रिल थांबव!" ती ओरडतच बाहेर आली.

"वेड लागलंय का तुला? आता पोचतच आलोय!"

"तू चुकीच्या जागी खणतोयस. माझंच घड्याळ चुकलंय."

 नवऱ्याने मशीन बंद केलं.

बिघडलेलं यंत्र वगळून तिने उरलेल्या चारांवरून हिशेब केला. नवी जागा ओढ्यापलीकडे निघाली. ड्रिल तिकडे हलवेपर्यंत ठोकण्याचा आवाज थांबला होता.

"गेला," नवरा म्हणाला. "तुझ्या घड्याळापायी गेला माझा भाऊ."

 ती तिथून हलली नाही. नवऱ्याने दात-ओठ खात पुन्हा ड्रिल सुरू केलं. अंधार पडायच्या सुमारास ड्रिल एकदम पोकळीत घसरलं. भोकातून माइक आणि स्पीकर खाली सोडले; वरचा माइक नवऱ्याच्या हातात. नुसती खरखर. 

"दादा?" खालून घोगरा आवाज आला. "अरे, मशीन बंद का केलं होतंस? आम्हाला वाटलं, तुम्ही नाद सोडलात. मग ठोकायचं तरी कुणासाठी?"

नवरा मटकन चिखलात बसला. माइक त्याने बायकोच्या हातात दिला, पण तिला नुसताच हुंदका फुटला.

"वहिनी, रडताय काय? पाणी पाठवा आधी. आणि एकाचा पाय मोडलाय, डॉक्टरला बोलवा."

भोक रुंद करून तिघांना वर काढायला पुढचा अख्खा दिवस गेला. तिघेही जिवंत होते.  भावाला रुग्णवाहिकेत चढवून नवरा परत आला, तिच्याजवळ उभा राहिला आणि म्हणाला, "मी तुझं ऐकलं नसतं तर?"