विषयबाह्य, सहा वाजून एकोणीस

गॉसे टोल्स्माचे नाव पडद्यावर दिसताच रेन्स्केच्या तोंडाला कडवट चव आली. मजकूर तिने अजून उघडलाही नव्हता. उघडला, तेव्हा दुसऱ्याच शब्दाला 'उंदीर' होते. छावणीत राहणाऱ्या निर्वासितांना गॉसे माणसे म्हणत नसे. तिने पुढे वाचले नाही. 'विषयबाह्य' या कारणापुढे खूण केली आणि मजकूर काढून टाकला. घड्याळात सहा वाजून एकोणीस मिनिटे झाली होती.

फ्रिसलंड प्रांतात थंडीने कालवे गोठले की हा ऑनलाइन मंच जागा होई. स्केटिंगसाठी कुठल्या कालव्यावर बर्फ किती जाड, हे लोक हातगिरमिटाने भोक पाडून मोजत आणि इथे लिहीत. ठिकाण, वेळ, जाडी, रंग. यापलीकडचे सगळे विषयबाह्य. हा नियम अकरा वर्षांपूर्वी रेन्स्केनेच घालून दिला होता. दूधसंघाच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षे काढलेल्या बाईला आकड्यांतली बडबड खपत नसे. पण गेल्या तीन हिवाळ्यांत आकड्यांभोवती निराळाच गाळ साचू लागला होता. 'सात सेंटीमीटर' अशा नोंदीखाली कुणीतरी सरकारला शिव्या घाली, त्याच्या खाली कुणी छावणीला, त्याच्या खाली कुणाच्या तरी आईला. रोज पहाटे ती हा गाळ उपसे, आणि मग हात धुवावेसे वाटत. कळफलकाने हात मळत नाहीत हे ठाऊक असूनही ती ते धूत असे.

साडेसातला फोकोचा फोन आला. फोको दाइनिंगा शहात्तर वर्षांचा, गावच्या बर्फमंडळाचा प्रमुख. त्याने 'चला' म्हटल्याशिवाय गावातले कुणी बर्फावर पाय ठेवत नसे.

"काय गं रेन्स्के, पंपघराच्या मागच्या पट्ट्याबद्दल काही आलंय का?"

"काही नाही. परवाचे नऊ सेंटीमीटर, काळा बर्फ. त्यानंतर कुणी काही लिहिलेलं नाही."

"म्हणजे पाणी हललेलं नाही?"

"हललं असतं तर ओरड झाली असती. तुम्हाला ठाऊकच आहे."

"बरं. मग बर्फ पक्का असल्याचे झेंडे लावून टाकतो. शाळेची पोरं दहाला यायचीत, मास्तरीणबाई कालपासून माझं डोकं खातेय."

नऊला दहा मिनिटे कमी असताना, झेंडे लावताना, फोको बर्फाखाली गेला. पोरे अजून शाळेतच होती. जवळच्या नावेवर राहणाऱ्या एकाने शिडी सरकवून त्याला बाहेर ओढले; चार मिनिटे तो पाण्यात होता.

पंप पहाटे पाचपासून चालू होता. पाणी ओढले की बर्फाखाली पोकळी होते आणि वाहते पाणी त्याला खालून झिजवते. वरून तो पक्क्या बर्फासारखाच काळाभोर, चकचकीत दिसतो. पंप चालवणाऱ्या जलमंडळाने कुणालाही कळवले नव्हते.

अर्ध्या तासात मंचावर छायाचित्र आले. शिडी, काळे भोक, ब्लँकेटमधून बाहेर आलेले एक निळसर पाऊल. खाली गॉसेने लिहिले होते, 'मी सकाळीच सांगितलं होतं. बसा आता बोंबलत.' चित्राला शंभरावर अंगठे मिळाले होते. त्या पावलाला अंगठा देणाऱ्यांची नावे रेन्स्केने एकेक करून वाचली. त्यांतल्या निम्म्यांना ती ओळखत होती.

बाकीचे गॉसेला खोटारडा म्हणत होते, कारण त्याचा मजकूर कुठेच नव्हता. आणि फोकोला म्हातारा. 'बर्फ दिसेनासा झालाय त्याला.' 'पोरं गेली असती तर?' संध्याकाळी मंडळाची बैठक होती. फोकोला प्रमुखपदावरून काढायचे जवळपास ठरले होते.

दुपारी दुसऱ्या नियंत्रकाचा, येल्मरचा फोन आला.

"तू बघितलंस ना, गॉसेनं खरंच लिहिलं होतं?"

"बघितलं. आता. पूर्ण."

"हे बघ, ते तुला आणि मला सोडून कुणाला दिसत नाही. राहू दे तसंच."

"आणि फोको?"

"अगं, तो या वर्षी नाहीतर पुढच्या वर्षी जाणारच होता. तू ते परत टाकलंस तर तो गॉसे उद्यापासून संत होईल. उंदीर-बिंदीर सगळं खरं ठरेल त्याचं. तुला ते हवंय?"

"नकोय."

"मग?"

"प्रयोगशाळेत नमुने यायचे, येल्मर. कधीकधी शेणानं माखलेल्या बाटलीत. आम्ही नाक दाबायचो आणि तपासायचो. बाटली घाण म्हणून दूध फेकलं, असं माझ्या हातून कधी झालं नाही. आज झालं."

"इथे दूध कुठंय गं? सगळं शेणच आहे."

"पंप चालू आहे, हे शेण नव्हतं."

तिने फोन ठेवला. घाण वगळून पंपाचे तेवढे एक वाक्य ठेवावे, असे तिच्या मनात येऊन गेले. पण तसे केले तर तो पुरावा उरला नसता, तिचे संपादन उरले असते. पावणेतीनला तिने मजकूर जसाच्या तसा परत लावला. खाली लिहिले: 'हा मी सहा एकोणीसला न वाचता काढला. फोको यांनी मला विचारले तेव्हा काही नाही म्हणून सांगितले. चूक माझी.' आणि पूर्ण नाव. दहा मिनिटांत गॉसेच्या मजकुराला चाळीस अंगठे आले. कोणता अंगठा पंपाला आणि कोणता उंदरांना, हे मोजण्याची सोय मंचावर नव्हती.

चारला ती रुग्णालयात पोहोचली. फोकोचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळलेले होते. हनान नावाची परिचारिका त्याच्या गळ्याशी दोन बोटे ठेवून नाडी मोजत होती. डोक्याला करडा रुमाल, नजर घड्याळावर.

"येल्मरनं सांगितलं मला," फोको म्हणाला. "तू कशाला स्वतःला टांगून घेतलंस?"

"तुम्हाला काढणार होते."

"काढू देत. मी गिरमिट घेऊन गेलोच नव्हतो. चाळीस वर्षं बर्फाला विचारलं, आज तुला विचारलं." तो खोकला. "काय लिहिलं होतं गॉसेनं? वाच."

"सोडा ना."

"मी पाण्यात गेलोय त्याच्यापायी. वाच. सगळं."

रेन्स्केने हनानकडे पाहिले. हनानने घड्याळावरची नजर हलवली नाही. "वाचा, बाई. मी मोजतेय."

रेन्स्केने वाचले. "छावणीतल्या उंदरांची बिळं बुडाली म्हणून साहेबांची झोप उडाली. आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा कुत्रं आलं नव्हतं. या घाणीला परत समुद्रात लोटायचं सोडून पाच वाजल्यापासून पंप लावलाय, पंपघरामागचा बर्फ खालून पोकळ झालाय. उंदरांना कोरडं ठेवा, आम्हाला बुडवा."

फोकोने डोळे मिटले होते.

हनानची बोटे त्याच्या गळ्याशीच होती. तिने हातातल्या कागदाकडे पाहिले. त्यावर काही लिहिले नाही. मग बोटे उचलून पुन्हा नीट टेकवली, काटा बारावर येईपर्यंत थांबली, आणि पहिल्यापासून मोजू लागली.