पाठीखालचा हात

"अंग सोड," मॅडम म्हणाली.

"सोडलंय की."

"याला सोडलेलं म्हणतात? इस्त्रीचं टेबल बरं याच्यापेक्षा."

चावीमावशीने आडवं होण्याचा नाद सोडला आणि पाय टेकवून ती पाण्यात उभी राहिली. अंगात मॅडमचा जुना कॉस्च्युम आणि त्यावर लाजेखातर मुलाचा टी-शर्ट. तो टी-शर्ट फुगून तिच्या कमरेभोवती डुलत होता. त्याच्याकडे बघत ती म्हणाली, "मी सोडून माझं बाकी सगळं तरंगतंय बघ."

बायकांची दुपारची बॅच सुरू व्हायला अवकाश होता. दरवाजा आतून लावून घेतला होता. छताच्या काचेतून आलेलं ऊन पाण्यात पडायचं आणि तिथून उसळून भिंतीवर जायचं, म्हणून सगळा हॉल हलत असल्यासारखा वाटे. पाणी साफ करणारं यंत्र कुठेतरी खोल, झोपलेल्या माणसासारखं घोरत होतं. या वेळेला तलाव मॅडमला नेहमीच दुसऱ्या कुणाचा तरी वाटायचा, आपण चुकून आत आलोय असा.

तिची उभी हयात या पाण्यात गेली होती. गावातल्या निम्म्या लेकरांना आणि त्यांच्यातल्या कित्येकांच्या आयांना तिने तरंगायला शिकवलं होतं. आणि चावीमावशीने तेवढीच वर्षं काठावर काढली होती. कपाटांच्या किल्ल्या द्यायच्या, घ्यायच्या, आणि बॅच सुरू झाली की काठावरच्या स्टुलावर येऊन बसायचं. पाण्यात पाऊल म्हणून टाकलं नव्हतं. "पाण्याला माझ्याकडं काय काम," म्हणायची.

आता काम निघालं होतं. पोटातल्या पिशवीत गाठी झाल्या होत्या. महिन्यातले अर्धे दिवस अंगावरून जायचं. एकदा तर किल्ल्यांच्या खिडकीतच चक्कर येऊन पडली. पिशवी काढायची ठरली. ऑपरेशनच्या पहिल्या तारखेला तिने सर्दीचं निमित्त केलं. दुसऱ्या तारखेला टेबलापर्यंत गेली, पण भूल देणारे डॉक्टर "अंग सैल सोडा" म्हणाले आणि ही उठून चालू लागली. मागून नाड्या सुटलेला गाऊन, आणि तशीच कॉरिडॉरभर. डॉक्टरांनी आता बजावलं होतं, आणखी ढकललंत तर अंगात कापायलासुद्धा रक्त उरणार नाही. तिसरी तारीख परवाची होती. गोळ्यांनी चार दिवस अंग कोरडं होतं, तेवढ्यात ती मॅडमला म्हणाली होती, "मला ते सैल सोडायचं शिकव. लोकांना शिकवतेस ना?"

"चल, परत," मॅडम म्हणाली आणि तिने तिच्या पाठीखाली तळवा धरला. "माझा हात आहे. डोळे मीट."

चावीमावशीने एक डोळा मिटला.

"दोन्ही."

"आणि काढलास तर?"

"नाही काढणार."

"खोटं. रोज बघते मी. 'हात आहे, हात आहे' म्हणतेस आणि हात तुझा कधीच कमरेवर गेलेला असतो."

हे खरं होतं. मॅडमची शिकवण्याची सगळी युक्ती एवढीच होती. हात आहे म्हणायचं आणि बोलता बोलता हळूच काढून घ्यायचा. पोर तरंगत असतं आणि त्याला पत्ता नसतो. फक्त बाकावरच्या आईला दिसतं. प्रत्येक आई त्या क्षणी जागची अर्धी उठते, तोंडातून आवाज निघायच्या बेतात असतो, आणि दर वेळी चावीमावशी स्टुलावरून तिला म्हणते, "बसा ताई, काही होत नाही." ही थाप लाखात एका माणसाला लागू पडणार नव्हती, आणि तेच माणूस आज टी-शर्ट घालून समोर होतं.

"आज खरंच नाही काढत."

"हे पण तू सगळ्यांना म्हणतेस, बये."

मॅडमच्या अंगातून एकदम वाफ उसळली. मानेपासून कपाळापर्यंत लालेलाल झाली ती. पाळी थांबल्यापासून वर्षभर हे चाललं होतं. रात्री झोप नाही, दिवसा मधूनच हा वणवा.

"पाण्यात उभं राहून घाम येणारी तू एकटीच," चावीमावशी तिच्या कपाळावर पाणी मारत म्हणाली. मग थोड्या वेळाने, सहज बोलल्यासारखं, "काल तुझ्या लेकीचा फोन होता."

"तुला?"

"बाळ झोपत नाही म्हणे. मला विचारत होती, मावशी, मला कशी झोपवायचीस. मी फोनपुढं किल्ल्या वाजवल्या. झोपलं की."

मॅडमला मात्र लेक म्हणाली होती, आई, एवढ्यात नको येऊस, आमचं आम्ही बघतोय. लेक तीन महिन्यांची असताना मॅडम कामावर परतली होती. पोर किल्ल्यांच्या खोलीत, चावीमावशीच्या मांडीवर. चावीमावशीचा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता; मॅडम पाण्यात अडकली आणि पोरीने रडून आकांत केला की ती तिलाही पदराखाली घ्यायची. मॅडम इथून, पाण्यातून, बघायची. काठावर कोरड्या टॉवेलात आपलं मूल दुसरीच्या छातीशी, आणि आपल्या हातावर दुसरीचं. आपलं दूध त्या वेळी कॉस्च्युममधून पाण्यात जायचं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"राग आला?"

"नाही."

"आला. बरं, एक कर. तू झोप, मी हात धरते."

"मला कशाला? मला येतं."

"तुला शेवटचं कुणी धरलं होतं?"

मॅडमने आठवून पाहिलं. तिला कुणी धरलंच नव्हतं. लहानपणी मोठ्या भावाने ढकलून दिलं होतं आणि ती आपोआप शिकली होती. ती पाठीवर पडली. कमरेच्या जरा वर एक तळवा येऊन टेकला. किल्ल्यांनी घट्टे पडलेला, खरबरीत, उबदार. गरज नव्हती त्याची. कानांत पाणी गेलं आणि यंत्राची घरघर पोटात ऐकू येऊ लागली. छताच्या काचा जवळ आल्या, लांब गेल्या. कुणीतरी टॉवेल झटकत होतं, का कुणी किल्ल्या वाजवत होतं. तिला लेकीच्या घरातली खोली दिसली, जी तिने अजून पाहिली नव्हती. तिथे पाळण्यात ती स्वतःच झोपली होती आणि लेक म्हणत होती, हळू बोला.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन खाली उतरलं होतं. पाण्याबाहेरच्या नाकाडोळ्यांना गार वाटत होतं. पाठीला मात्र तळव्याची ऊब लागत होती.

"झोपले मी?"

"घोरलीस."

"आणि तू एवढा वेळ हात धरून उभी?"

"मग काय करू? मला काढता कुठं येतो. ते तुला येतं." चावीमावशीचा आवाज मऊ होता. ती अजून खाली मॅडमच्या अंगाकडेच बघत होती. "काही वजनच नव्हतं गं तुला. एवढी थोराड बाई. सोडलेलं अंग असं असतं होय?"

मग कुणी न सांगता ती मागे कलली आणि पाण्यावर टेकली. मॅडमने हात खाली नेला. आधी मान सैल पडली, मग खांदे. मग ते पोट, तीन बाळंतपणांचं आणि गाठींचं, पाण्यावर अलगद वर आलं. टी-शर्ट त्याच्यावर पसरला. तिने दोन्ही डोळे मिटले.

तिचा श्वास पाण्याबरोबर संथ वरखाली होऊ लागला.

"आता काढ," चावीमावशी म्हणाली.

मॅडमने काढला नाही. हजारदा बोलता बोलता काढलेला हात. आज तो हलेना.

"काढ, बये. परवा मला आत एकटीलाच जायचंय. तुला दारातच थांबवतील."

बाहेर बॅचच्या बायका जमल्या होत्या. दारावर कुणीतरी बोटाने टकटक केली. मॅडमने तळवा खाली घेतला, पिकलं पान देठापासून सुटावं इतका सावकाश. पाणी एकदा डचमळलं. चावीमावशी तशीच होती. मग यंत्राच्या बारीक ओढीने ती हळूहळू मधोमध सरकू लागली, पाय पुढे, केस मागे पसरलेले, उन्हाच्या पट्ट्यातून सावलीत आणि सावलीतून पुन्हा उन्हात.

"काढलास?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"काढला," मॅडम म्हणाली. जरा मोठ्याने म्हणावं लागलं, कारण ती आता बरीच लांब होती.

"खोटारडी," पलीकडून झोपाळू आवाज आला. "मला लागतोय ना अजून."