राजपुत्राची पाठ

"मावशी, स्टूल उचला. देवीच्या नजरेआड जातंय नाटक," उत्सव समितीचे अध्यक्ष खो म्हणाले.

ग्योक-इमने स्टूल देवीच्या शेजारी ओढलं आणि पुन्हा ठाण मांडलं. देवळासमोरचं नाटक देवीसाठीच असतं, म्हणून मूर्ती बाहेर आणून रंगमंचासमोर खुर्चीवर बसवली होती. बाकीची लाल प्लॅस्टिकची स्टुलं रिकामी होती. तैवानच्या दक्षिण किनाऱ्यावर भर दुपारी उन्हात कोण बसतंय?

"सरकवायचं नाही, उचलायचंच म्हणतोय," खो म्हणाले. "बघायला कुणी नाही, म्हणून शेवटचा प्रवेश गाळतोय. जेवणाची टेबलं मांडायचीत."

"कुणी नाही? मग मी कोण, देवळातली मांजर?"

खो वरमले. या नाटकातला राजपुत्र आयुष्यभर ग्योक-इमनेच केला होता, गुडघे जाईपर्यंत. ती प्रेक्षकांत बसली होती ती अगदी लहानपणी. मग बापाने तिला नाटक मंडळीत सोडलं आणि तेव्हापासून तिने नाटकं पाहिली ती विंगेतून. शेवटच्या प्रवेशात राजपुत्र घरी परततो, आई गेल्याचं कळतं आणि तो प्रेक्षकांकडे पाठ करून रडतो. पाठीनं रडायचं, असं तिच्या गुरूंनी शिकवलं होतं. रंगवलेल्या पडद्याकडे तोंड करून ती दर वेळी खरोखरच रडायची. समोरच्यांना त्यातलं काय दिसतं, हे तिला कधीच कळलं नव्हतं. तेवढंच बघायला ती आज सुनेशी भांडून आली होती.

"गाळूनच बघ," ती म्हणाली. "तुझी आजी या प्रवेशाला रुमाल भिजवायची. तिला काय तोंड दाखवशील?"

खो चिडले. तरातरा गेले आणि त्यांनी कर्ण्यांची वायरच उपटली. रंगमंचावर तिची शिष्या सिउ-हुन गाता गाता अडखळली.

"ए सिउ-हुन! थांबलीस कशाला? मी बघतेय ना!"

म्हाताऱ्या वादकाने सारंगीवर गज ठेवला. सिउ-हुन पुन्हा गाऊ लागली; माइकवाचूनही तिचा सूर अंगणभर ऐकू येत होता. सिउ-हुनने पाठ फिरवली.

समोरून जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. खांदे जरासे खचले, टोपीवरची दोन लांब पिसं थरथरली, बस्स. पण पाठ रडत होती! ग्योक-इम लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली.

मग सिउ-हुन वळली. तिचा चेहरा कोरडा ठणठणीत होता. डोळ्यांतलं काजळ जागच्या जागी.

ग्योक-इमच्या काळजात चर्र झालं. म्हणजे खऱ्या अश्रूंची गरजच नव्हती. तिची स्वतःची आई गेली त्या दिवशीही मंडळीने सुट्टी दिली नव्हती. त्या दिवशीचं सगळं रडं तिने त्या पडद्यासमोर सांडलं होतं, आणि ते कुणाला दिसलंही नव्हतं. फार लागलं तिला ते.

"झालं ना मावशी समाधान?" खो टेबल उचलून आले. "आता मांडू?"

"नसेल अश्रूंची गरज," ती देवीला म्हणाली. "मी रडले. माझी मर्जी." मग ओले गाल तसेच ठेवून तिने रंगमंचाकडे हाळी दिली, "सिउ-हुन, पुन्हा एकदा! पाठ कर इकडे!"

सिउ-हुन हसली आणि वळून उभी राहिली. सारंगी पुन्हा सुरू झाली. खो टेबल धरून उभेच होते.

"बस रे," ग्योक-इम त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "स्टुलं पुष्कळ आहेत."